रडू सुईच्या आधी कसं येतं?

लसीकरणाच्या खोलीबाहेर उभं राहून थोडा वेळ नुसतं ऐका. दीड महिन्याचं बाळ आत जातं तेव्हा काहीच आवाज नसतो. सिस्टर मांडी पुसतात, बाळ छताच्या पंख्याकडे टक लावून पाहत असतं. सुई आत जाते. क्षणभर शांतता, श्वास कोंडल्यासारखा, आणि मग टाहो! पाच वर्षांच्या मुलाचं सगळं उलटं. त्याचा टाहो रिक्षातून उतरतानाच सुरू होतो. दवाखान्याची पाटी, स्पिरिटचा वास, पडद्याआडून आलेलं दुसऱ्या कुणाचं रडणं, एवढं त्याला पुरतं. सुई अजून पाकिटातून बाहेरसुद्धा आलेली नसते.

म्हणजे मधल्या काळात रडू सुईच्या मागे होतं ते सुईच्या पुढे येऊन बसलं! त्या मुलाला अजून काहीही टोचलेलं नाही. ते सोसतंय ती न घडलेली गोष्ट आहे. जे अजून झालंच नाही त्यानं छाती धडधडावी, तळव्यांना घाम फुटावा, पोटात गोळा यावा, ही मेंदूची केवढी मोठी करामत! आपण मात्र तिला भित्रेपणा म्हणतो आणि मोकळे होतो.

ही करामत किती लवकर जमते, ठाऊक आहे? ॲना टॅडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या टोरांटोमध्ये चक्क एक-दोन दिवसांच्या बाळांचं निरीक्षण केलं. आईला मधुमेह असेल तर जन्मलेल्या बाळाची साखर पुन्हा पुन्हा तपासावी लागते, आणि त्यासाठी त्याच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब काढतात. अशी वारंवार टोचली गेलेली बाळं आणि न टोचली गेलेली बाळं यांची त्यांनी तुलना केली. पुढे दोन्ही गटांतल्या बाळांचं रक्त घ्यायची वेळ आली. त्वचा पुसायला घेतली, नुसती पुसायला, आणि आधी टोचून घेतलेल्या बाळांचे चेहरे जास्त आक्रसले. पुसणं झालं की टोचणं येतं, हे त्यांना कळलं होतं! २००२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्याला अजून आईचा चेहरा नीट दिसत नाही, ते बाळ पुढचं ओळखायला शिकलेलं असतं.

आणि याच बाळांना वेदना कळतच नाहीत, असं डॉक्टर १९८० च्या दशकापर्यंत मानत आले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अगदी नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरला वैद्यकी शिकून ऑक्सफर्डला गेलेले के. जे. एस. आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कितीतरी कमी पडतो. त्यानंतर जगभरातल्या शस्त्रक्रियागृहांतली रीत बदलली. बोलता न येणाऱ्या जिवाची बाजू रक्तातल्या संप्रेरकांनी मांडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पाच वर्षांच्या मुलाकडे परत येऊ. आपल्या सरकारी वेळापत्रकात दीड-दोन वर्षांच्या बूस्टरनंतर पुढचा डोस थेट ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान असतो. मध्ये तीन-चार वर्षं सरतात. दीड वर्षाचे असतानाची कुठली आठवण तुम्हाला सांगता येईल? मग एवढ्या जुन्या सुईचं भय इतकं ताजं कसं राहतं?

स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये याचं एक सुटसुटीत उत्तर दिलं. भीती अंगात यायला तीन वाटा आहेत. पहिली वाट स्वतःच्या अनुभवाची. दुसरी, दुसऱ्याला घाबरलेलं पाहण्याची. तिसरी, नुसतं कानावर पडण्याची. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे आणा. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस आहे, मुलं ओळीनं बसली आहेत, पुढचं मूल किंचाळतंय आणि मागचं ते डोळे फाडून पाहतंय. ही दुसरी वाट झाली. आणि तिसरी? ती तर आपण घरात रोज झाडून-लोटून स्वच्छ ठेवतो: ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेईन हं, मोठी सुई टोचायला लावीन!’ मुलाला चार वर्षांत एकही सुई लागली नसेल, पण सुई म्हणजे शिक्षा हा धडा त्यानं शेकडो वेळा गिरवलेला असतो. ते भित्रं नाही. ते हुशार आहे, आपण शिकवलं ते नीट शिकलंय.

मुळात त्या सुईत असतं काय? लसीची सुई जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीची. तिचं टोक तिरपं कापलेलं असतं, त्यामुळे ती कातडी फाडत नाही, बारीक चीर पाडून आत सरकते. पाठोपाठ जाते अर्धा मिलिलिटर लस, म्हणजे साधारण दहा थेंब. पण एवढ्याशा घटनेवर शरीरात धावपळ किती उडते! दंडापासून मेंदूपर्यंतचं अंतर लहान मुलात अर्ध्या मीटरहूनही कमी. स्पर्शाची बातमी नेणारे मज्जातंतू जाडजूड, वर चरबीचं वेष्टण असलेले. त्यांतून संदेश सेकंदाला ७० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी २५० किलोमीटरच्या वेगानं धावतो. टोचल्याची तीक्ष्ण कळ नेणारे तंतू त्याहून बारीक, सेकंदाला ५ ते ३० मीटर. आणि मागून येणारी ठणक? ती वेष्टण नसलेल्या अगदी बारीक तंतूंतून रमतगमत येते, सेकंदाला जेमतेम एक मीटर. म्हणजे त्याच एका टोचण्याची बातमी मेंदूकडे तीनदा पोचते: आधी स्पर्श, मग कळ, मग ठणक. पायाचं बोट उंबऱ्याला ठेचतं तेव्हा ‘आता दुखणार’ असं वाटून मग दुखतं ना? ती मधली फट म्हणजे याच तंतूंच्या वेगांतला फरक.

स्पर्श कळेच्या आधी पोचतो, ही गोष्ट फार कामाची आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं, की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार आहे. वेदनेचा संदेश वर जाताना या दारातून जातो. स्पर्शाचे, थरथरीचे, गारव्याचे संदेश तिथे मोठ्या संख्येनं आले तर दार अर्धवट मिटतं, आणि वेदनेचा काही भाग खालीच अडतो. काही देशांत दंडावर बर्फाची छोटी चकती आणि थरथरणारं खेळणं लावून सुई देतात, ते याच आधारावर. कोपर आपटलं की आपण न शिकवता ते चोळतो, तेव्हा आपणही त्या दाराशी हात घालत असतो. (लस दिल्यावर मात्र ती जागा चोळायची नाही.)

पण याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. त्या दाराची दुसरी कडी वरून, मेंदूकडून हलते. मेंदू नुसता बातमी घेत नाही. कोणती बातमी किती मोठ्यानं ऐकायची याचा हुकूमही खाली धाडतो. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेदनाशामक म्हणून औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. काहींचं दुखणं खरोखरच कमी झालं. मग त्यांना अफूचा परिणाम उतरवणारं औषध दिलं, आणि त्यांचं दुखणं परत वाढलं! विचार करा. अफू कुणी दिलीच नव्हती, मग उतरलं काय? बरं वाटेल या भरवशावर मेंदूनं स्वतःच अफूसारखं द्रव्य तयार करून सोडलं होतं, त्याचा परिणाम उतरला. आपल्या डोक्यात औषधाचं दुकान आहे आणि ते अपेक्षेवर उघडतं. भयानं तेच दुकान बंद होतं. घाबरलेल्या मुलाला सुई जास्त दुखते म्हणतात, तेव्हा ती अतिशयोक्ती नसते. तेवढी वेदना त्याच्या मेंदूत खरोखर तयार झालेली असते.

मग त्याला धीर द्यावा, हे ओघानंच आलं. ‘काही नाही होणार’, ‘झालं हं, झालं’, ‘माझं शहाणं बाळ, घाबरू नकोस’. इथे पुन्हा थक्क व्हायची वेळ येते. कॅनडात क्रिस्टीन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी गार पाण्यात हात बुडवून धरायचा, शेजारी आई. काही आयांना मुलाची काळजी करत धीर द्यायला शिकवलं होतं, काहींना त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायला. धीर देणाऱ्या आयांच्या मुलींनी जास्त दुखल्याचं सांगितलं! (मुलग्यांत हा फरक दिसला नाही.) असं का व्हावं? मुलाच्या बाजूनं पाहा. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य आपण त्याला कधी म्हणतो? घाबरण्यासारखं काही असतं तेव्हाच. दूध पिताना किंवा चित्र काढताना कुणी त्याला असं म्हणत नाही. शब्द गोड असतात, पण मूल आवाजातली थरथर आणि मनगटावर घट्ट झालेली पकड ऐकतं. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ म्हणावं आणि मुंगीपेक्षा जास्त दुखावं, मग पुढच्या वेळी आपल्या शब्दाला किंमत राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदनेबद्दल सल्ला दिला, त्यातही खोटा दिलासा देऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. बाळाला पाजता पाजता लस द्यावी, लहानग्याला मांडीवर घ्यावं, मोठ्या मुलाला सरळ बसवावं, एकाहून अधिक लसी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी, हेही त्यातच आहे. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. तरीही आपण मुलाला टेबलावर उताणं पाडून चौघांनी हातपाय धरायचं काही सोडत नाही. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. ते मूल सुईपेक्षा पकडीलाच जास्त घाबरत असतं.

सुईच्या भीतीचा एक प्रकार तर सगळ्या भीतींहून वेगळा. वाघ, उंची, अंधार, कशालाही घाबरलं की हृदय जोरात धावू लागतं, रक्तदाब चढतो. पळायची किंवा झुंजायची तयारी. पण रक्त आणि सुईच्या भयात काही जणांचं हृदय आधी धावतं आणि मग एकदम मंदावतं. रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, धिप्पाड माणूससुद्धा खाली कोसळतो. हा स्वभाव घराण्यातून उतरतो. अशा वेळी ‘अंग सैल सोड’ हा सल्ला उलट अंगाशी येतो, कारण रक्तदाब आधीच खाली चाललेला असतो. स्वीडनचे लार्स-यॉरन अस्ट यांनी १९८० च्या दशकात याच्या बरोबर उलटी युक्ती काढली: हात, पाय, पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, मग सोडायचे. अर्धा मिनिट थांबून पुन्हा. असं पाचेक वेळा. घट्ट झालेले स्नायू रक्त वर ढकलतात आणि भोवळ टळते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सहज शिकवता येतं. पूर्वी भोवळ आलेली असेल तर त्यानं आडवं होऊनच सुई घ्यावी.

बसलेलं भय मोडतं कसं, याची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र शंभर वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यात सुई नाही, ससा आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेकडे पीटर नावानं ओळखला जाणारा एक मुलगा होता, तीन वर्षांचाही नसलेला. सशाला पाहून तो किंचाळायचा. जोन्स यांनी त्याला उपदेश केला नाही की बळजबरी केली नाही. पीटर त्याच्या आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार टोकाला आणून ठेवायच्या. इतक्या लांब, की त्याला भीती वाटू नये. पुढच्या वेळी थोडा जवळ. कधी न घाबरणारी दुसरी मुलंही सोबत असत. अंतर किती कमी करायचं हे पीटरचा चेहरा ठरवायचा. मध्ये माशी शिंकली: पीटर आजारी पडून दवाखान्यात गेला आणि घरी परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. भय सगळं परत आलं. जोन्स यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. शेवटी ससा पीटरची बोटं कुरतडत होता आणि पीटरची त्याला ना नव्हती! १९२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज भीतीवर होणाऱ्या उपचारांचं मूळ तिथे आहे.

पण हा कुत्रा मध्ये आल्यावर भय परत का आलं? कारण मेंदू भीतीची आठवण पुसत नाही. मेंदूत खोलवर बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग असतो, तो धोक्याच्या खुणा जपून ठेवतो. आपण शिकवतो ती दुसरी आठवण, आणि कपाळामागचा मेंदूचा भाग तिच्या जोरावर अमिग्डालाला गप्प बसवतो. रानात जुनी पायवाट तशीच असावी आणि शेजारून नवी मळावी, तसं. नव्या वाटेवर चालणं थांबलं तर पाय पुन्हा जुनीकडे वळतात. म्हणून एकदा हसत इंजेक्शन घेतलं म्हणजे भीती गेली असं धरू नये, आणि मध्येच परत आली म्हणून सगळं वाया गेलं असंही मानू नये.

नवी वाट मळली तर कुठवर जाते, हे पाहायचं तर पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेली मुलं पाहा. इन्शुलिनच्या दिवसाला चार सुया धरल्या तर वर्षाला १४६० होतात. पेनावरची सुई आज ४ मिलिमीटर लांब आणि ०.२३ मिलिमीटर जाड इतकी बारीक मिळते, हे खरं. पण अंगावर येण्याआधीच ज्याची भीती वाटते, ती वस्तू बारीक झाली म्हणून भीती आपोआप बारीक होत नाही. या मुलांना मदत होते ती स्वतःच्या हाताची. पेन आपल्या मुठीत आलं की केव्हा टोचायचं हे आपण ठरवतो. दहा-अकरा वर्षांची मुलं शाळेच्या डब्याआधी स्वतःला टोचून घेतात आणि खेळायला पळतात.

आता शेवटचं नवल, आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. पुढच्या सुईला मूल किती घाबरेल हे मागची सुई किती दुखली यापेक्षा ती किती दुखल्याचं त्याला आठवतं यावर जास्त ठरतं. आणि आठवण ही पेटीत बंद केलेली वस्तू नव्हे. काढली की ती थोडी नव्यानं घडते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रक्ताचा कर्करोग झालेली मुलं होती. पाठीतलं पाणी काढायला त्यांना वारंवार सुई घ्यावी लागे. संशोधक पुढच्या सुईआधी त्यांच्याशी मागच्या वेळेबद्दल थोडं बोलत: तेव्हा तू काय काय नीट केलंस, खरंच किती वेळ दुखलं. एवढ्या गप्पांनी पुढच्या वेळचा त्यांचा त्रास कमी झाला! सुई तीच, पाठ तीच. बदलली ती मागची आठवण. कॅनडात कॅलगरी इथे मेलनी नोएल यांनी हाच धागा पुढे नेला आहे.

म्हणजे दवाखान्यातून घरी येतानाची रिक्षा हासुद्धा उपचारच! तिथे ‘किती रडलास रे, सगळे बघत होते’ म्हटलं तर तीच आठवण पक्की होते. ‘रडू आलं, पण हात तू जराही हलवला नाहीस. भिरभिरं फुंकलंस तेव्हा तुला कळलंसुद्धा नाही ना?’ असं म्हटलं, आणि ते खरं असलं, तर दुसरी. खरं असायला हवं, एवढं मात्र सांभाळा.

पाच वर्षांचा बूस्टर तोंडावर आला असेल तर आदल्या दिवशी भावलीला, बाबांना, आजीला खोटी सुई टोचायचा खेळ होऊ द्या. कापूस, पट्टी, सगळं मुलाच्या हातात द्या. उद्या सुई आहे हे त्याला सांगा, टोचेल आणि क्षणभर दुखेल हेही सांगा. बघायचं की दुसरीकडे तोंड करायचं, मांडीवर बसायचं की खुर्चीत, हे त्याला ठरवू द्या. सुई घ्यायची की नाही, हा प्रश्न मात्र त्याला विचारू नका. फुगे किंवा भिरभिरं सोबत न्या. सावकाश फुंकर सोडताना हृदयाचे ठोकेही मंदावतात. ‘सुई टोचायला लावीन’ हे वाक्य घरात यापुढे कुणालाही म्हणू देऊ नका, अगदी आजोबांनाही. आणि त्वचा बधिर करणारं मलम हवं असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा, कारण ते सुईच्या तासभर आधी लावावं लागतं.